जुन्या दारावर काच बसवताय? आधी कड ठरवा

पत्र : गुहागरला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या तेव्हा माजघराचं दार निघालं. दोन झडपांचं, फणसाचं, कडेने कोरलेली वेल आणि मध्ये पितळी कडी. टाकवेना. सुताराने दोन्ही झडपा जोडून खाली पाय लावले आणि सहा फूट बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल झालं. आता वर काच हवी. चिपळूणच्या दुकानदाराने विचारलं, “बारा एमएम टफन देतो, कड कशी करू? फ्लॅट पॉलिश, पेन्सिल की बेव्हल?” मला काय सांगावं कळेना. ठाण्याचा मुलगा बेव्हलचे फोटो पाठवतोय. आमचे हे म्हणतात, आत्ता नुसती कड घासून घेऊ, नाहीच आवडली तर पुढे पॉलिश करून आणू. सासूबाई जेवून उठताना टेबलाला धरून उठतात. मे महिन्यात आणि गणपतीत दीड वर्षाची नात येते. शिवाय समुद्र जवळ, प्रत्येक वस्तूवर खारट थर बसतो. सासूबाईंचं म्हणणं, वरून प्लॅस्टिक घाला म्हणजे झालं. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आधी यजमानांचं म्हणणं निकालात काढू, कारण पैसे तिथेच बुडण्यासारखे आहेत. टफन काचेची कड नंतर पॉलिश करून मिळत नाही. आत्ता जी कराल ती कायमची.

टफन काच म्हणजे मुळात साधीच काच. ती आधी मापाला कापतात, कडा करतात, भोकं हवी असतील तर पाडतात. मग भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि बाहेर काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर झटकन गार होऊन घट्ट होतो, आतला गाभा मागाहून गार होताना त्याला आत ओढत राहतो. त्यामुळे ही काच बाहेरून जन्मभर दाबाखाली आणि आतून ताणाखाली असते. ती साध्या काचेच्या चार-पाच पट दणकट असते ती याच ओढाताणीमुळे. पण एखादं चाक किंवा ड्रिल त्या आतल्या ताणापर्यंत पोचलं, की फक्त तेवढाच भाग फुटत नाही, अख्खी काच एका क्षणात चण्याएवढ्या तुकड्यांची रास होते. म्हणून कापणं, भोक पाडणं, कड करणं हे सगळं भट्टीच्या आधी. माप अर्धा इंच चुकलं तरी हाच नियम. काच नवीन करावी लागते.

“मग टफन नकोच, साधी घेऊ” असं यजमान म्हणतील. टेबल पूर्ण लाकडावर टेकलेलं आहे, तेव्हा साधी काच चालते, बऱ्याच घरांत चालू आहे. पण तुमच्याकडे पाहुणे येणार, नात येणार. साधी काच फुटली की तिचे लांबट, सुरीसारखे तुकडे होतात. मी टफनच घेईन.

कड ही दिसण्याची बाब आहे असं सगळे धरून चालतात. खरं तर काचेचा जीव कडेत असतो. काच कापतात म्हणजे आरपार चिरत नाहीत. बारीक चाकाने वर एक ओरखडा ओढतात आणि त्या रेषेवर मोडतात. मोडलेल्या कडेवर बारीक बारीक चिरा उरतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. साध्या काचेवर कढत कढई ठेवली की तडा जातो, तो बहुतेक वेळा कडेलाच सुरू होतो. मधली काच तापून पसरते, कडेची गार काच तिच्याबरोबर ओढली जाते, आणि त्या ओढीत कुठलीतरी एक चीर उघडते. कड जितकी नीट घासलेली तितक्या या चिरा कमी. टफन काच उष्णता पुष्कळ सोसते, पण तिचीही दुखरी जागा कडच. वरून भरला तांब्या पडला तर बहुधा काही होणार नाही. तोच तांब्या कडेवर आपटला तर मात्र सांगता येत नाही.

आता नुसती घासलेली कड. ती पांढरट, खरखरीत असते. काच चौकटीत किंवा पट्टीत झाकली जाणार असेल तर तिच्यावर जास्त खर्च करू नये, यजमान तिथे बरोबर ठरले असते. पण जेवणाच्या टेबलाची कड उघडी. त्या खरखरीत पृष्ठभागात हळदीचं तेल, माशाच्या कालवणाचं तिखट बसतं आणि मग निघत नाही. त्यात आपल्याकडचा खारा वारा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्या ओलीला धूळ चिकटते, आणि एका पावसाळ्यात पांढरी कड मळकट तपकिरी होते. घासून घासून हात दुखतील.

बेव्हल म्हणजे काचेच्या वरच्या बाजूला कडेने उतार देणं, साधारण अर्धा ते एक इंच रुंदीचा. उजेड त्या उतारावर मोडतो, सकाळच्या उन्हात भिंतीवर रंगांच्या पट्ट्या पडतात, फोटोत फारच छान दिसतं. चिरंजीवांची निवड वाईट नाही, टेबल चुकीचं आहे. तुमच्या दाराची वेल कडेलाच कोरलेली आहे. तिच्यावर नेमका तो उतार आला की खालची नक्षी सरकलेली, तुटक दिसेल. दोन इंच आत पान, मग एक सांधा, मग त्याच पानाचा उरलेला भाग भलत्याच ठिकाणी. ज्या वेलीसाठी दार ठेवलं तीच बिघडवायची, तेही जास्त पैसे मोजून. शिवाय उतारामुळे टोकाला जाडी कमी उरते, आणि पातळ टोकाचे टवके लवकर उडतात. आरशाला बेव्हल शोभतं. साध्या, गुळगुळीत बैठकीवरच्या काचेलाही शोभतं. ठाण्याच्या फ्लॅटमधल्या सेंटर टेबलाला खुशाल करावं.

दुकानदार कदाचित ओजीही दाखवेल, म्हणजे जुन्या संगमरवरी टेबलासारखी नागमोडी कड. तिला जाड काच लागते आणि तिच्या खोबणीत भाताची शितं जाऊन बसतात. विषय सोडा.

उरल्या दोन. फ्लॅट पॉलिश म्हणजे सरळ सपाट कड, वरखाली दीड एक मिलिमीटरची बारीक सूट दिलेली, म्हणजे टोकदार काठ तिरका घासून मारलेला. पेन्सिल पॉलिश म्हणजे पूर्ण अर्धगोल कड. फ्लॅट पॉलिश दिसायला जास्त सुबक असतं, हे मी मान्य करतो. कडेची हिरवी रेघ त्यात स्वच्छ दिसते. हा हिरवा रंग वाळूतल्या लोहाचा. काच वाळूचीच होते आणि वाळूत लोहाचा अंश असतो. आपल्या कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, तिथे कोणालाही विचारा, लोह कमी असलेल्या वाळूला काचेसाठी भाव का येतो ते. तो हिरवेपणा अजिबात नको असेल तर एक्स्ट्रा क्लिअर नावाची महाग काच मिळते. फणसाच्या मधाळ पिवळ्या रंगावर साधी काच किंचित थंड दिसेल, किंचितच. दुकानातून वीतभर तुकडा आणून दारावर ठेवून बघा आणि मग ठरवा. मला स्वतःला ती हिरवी रेघ आवडते, त्यामुळे माझ्या मताला या बाबतीत फार किंमत देऊ नका.

तरीही तुमच्या टेबलाला माझा कौल पेन्सिलला. कारण सासूबाई. वयस्कर माणूस टेबलाला धरून उठतं ते कसं, हे एकदा नीट पाहा. तळहात वर टेकतो, पण जोर लावताना बोटं कडेखाली वळतात. म्हणजे खालचा काठ त्या पातळ झालेल्या कातडीला लागतो. फ्लॅट पॉलिशमध्ये वरची सूट सगळे नीट देतात, खालच्या बाजूला पुष्कळदा नुसता हात फिरवलेला असतो. पेन्सिलला वरखाली काठच नसतो. जेवताना मनगटं टेकतात तिथेही तेच. आणि ताट सरकवताना कडेला धक्का लागला तर गोल कडेवर तो पसरतो, टोकदार काठाचा टवका जातो.

मात्र यातच एक धोका आहे आणि तो कोणत्याही पॉलिशने जात नाही. सासूबाईंनी काचेला धरून जोर लावताच कामा नये. काच वर नुसती ठेवलेली असते. तिची कड लाकडाच्या बाहेर आली आणि त्यांनी बोटं खाली घालून ओढलं, तर काच उचकटेल. तेव्हा काच दारापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच आतच ठेवा. मग हात लाकडालाच लागतो, धक्का लाकडाला बसतो आणि काचेची कड सुरक्षित राहते. दोन-दोन इंच बाहेर काढलेली काच शोरूममध्ये ऐटबाज दिसते, तुमच्या घरात नको.

पेन्सिलचा दोषही सांगायला हवा. काच आत घेतल्यावर तिच्या गोल कडेखाली आणि लाकडाच्या मध्ये बारीक खोबण तयार होते. तिथे चुरा साठणार. जुना मऊ टूथब्रश हाताशी ठेवा, जेवणानंतर एकदा फिरवा. फ्लॅट पॉलिशला हा त्रास थोडा कमी असतो. तुमच्या घरात सासूबाई आणि नात नसत्या तर मी कदाचित फ्लॅटच सांगितलं असतं.

कोपऱ्यांचं वेगळं सांगावं लागतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. “चारी बाजू पेन्सिल” म्हटलं की चार सरळ कडा गोल होऊन येतात आणि कोपरा काटकोनातच राहतो. जेवणाचं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं, म्हणजे नात धावायला लागेल तेव्हा तिचं कपाळ बरोबर त्या उंचीला. कोपऱ्यांना एक इंचाचा रेडियस आणि तोही पॉलिश केलेला, असं स्पष्ट सांगा. काच आत असल्यामुळे पोर आधी लाकडाच्या कोपऱ्यावर आपटेल, तेव्हा सुताराला बोलावून लाकडाचे कोपरेही तेवढेच गोल करून घ्या. हे काम काचेच्या आधी.

सुतार आलाच आहे तर त्याच्याकडून फर्मा, म्हणजे काचेच्या आकाराचा नमुना, करून घ्या. जुनी दारं चौकोनी नसतात. चौकटीत बसवताना रंध्याने इकडे तिकडे मारलेली असतात, वर पावसात फुगून उन्हात आटलेली. दोन कर्ण मोजून बघा, फरक निघेल. फुटपट्टीची मापं लिहून दिली तर काच अगदी काटकोनात येईल आणि वाकडं दार उघडं पडेल. पातळ प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापा, दारावर ठेवा, चहूबाजूंनी पाव इंच जागा सारखी दिसते का पाहा, “वरची बाजू” असं त्यावर लिहा आणि तोच दुकानात पाठवा. फर्मा घेताना दार कोरडं असावं. जुलैत घेतलेलं माप मे महिन्यात आतबाहेर होतं, म्हणून काच लाकडाला चिकटवूनही टाकायची नाही. लाकूड हलणार, काच हलत नाही.

पितळी कडी काढावीच लागेल. काचेला धातू लागू द्यायचा नाही, विशेषतः टफन काचेला. एका बिंदूवर कठीण धातू टेकला आणि वरून वजन आलं की काच जाते. दारावर ठोकलेल्या धातूच्या फुल्याही वर येत असतील तर सुताराकडून खाली बसवून घ्या. काचेखाली पारदर्शक बंपर लावा, ती छोटी गोल रबरी बटणं. कडेने सहा-आठ आणि मध्ये दोन-तीन. त्यामुळे खाली वारा खेळतो. बंपर न लावता काच थेट लाकडावर टाकली तर आपल्या पावसाळ्यात मध्ये ओल अडकते आणि श्रावण संपायच्या आत वेलीवर पांढरी बुरशी दिसते.

जाडी. दुकानदार बारा एमएम म्हणतोय ते त्याच्या दृष्टीने ठीक आहे, पण तुम्हाला गरज नाही. नुसत्या चार पायांवर काच उभी असती तर मीही बाराच म्हटलं असतं. तुमच्याकडे खाली पूर्ण दार आहे, आठ एमएम पुरे. वजनाचाही हिशेब आहे. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. तुमच्या मापाची बारा एमएम काच ५० किलोच्या घरात जाते, आठ एमएमची ३३ किलोच्या आसपास. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी म्हणा, काच उचलून खालचं दार पुसावं लागणार आहे. ३३ किलो दोन माणसं नीट उचलतात.

बिलात एक गंमत होऊ शकते, लक्ष ठेवा. काचेचा दर चौरस फुटावर असतो आणि कडेचा रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर. सहा बाय तीनचं क्षेत्रफळ १८ चौरस फूट आणि परिघही १८ फूट. आकडा एकच असल्यामुळे कुठला दर कशाला लावलाय ते पटकन कळत नाही. दोन्ही ओळी वेगळ्या लिहून मागा. बरेच दुकानदार माप वरच्या ठरावीक इंचांना ओढून पैसे लावतात, ते आधीच विचारा. आणि कोपऱ्यांचे पैसे धरलेत का, तेही.

ऑर्डरच्या कागदावर अशी ओळ लिहून घ्या : “आठ एमएम क्लिअर टफन, फर्म्याप्रमाणे, चारी बाजू मशीनवर पेन्सिल पॉलिश, चारी कोपरे एक इंच रेडियस पॉलिशसह, टफनचा शिक्का लांब बाजूच्या कोपऱ्यात.” मशीन हा शब्द सोडू नका. मशीनवर हिऱ्याची चाकं एकामागोमाग कड घासत जातात आणि शेवटी पॉलिशचं चाक फिरतं, त्यामुळे गोलाई टोकापासून टोकापर्यंत सारखी येते. हातातल्या ग्राइंडरने केलेली कड कुठे चपटी, कुठे गोल होते. दाराची एखादी बाजू वाकडी असेल आणि तेवढी हातानेच करावी लागणार असेल, तर ती भिंतीकडे ठेवता येईल का पाहा. शिक्का म्हणजे काचेवर उमटवलेली टफनची खूण, तिची जागा न सांगितल्यास तो बरोबर यजमानांच्या ताटासमोर येतो. टफन काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे, काच त्याप्रमाणे आहे का असं विचारायला संकोच करू नका.

काच दारात आली की टेम्पोवाल्याला थोडं थांबवा. ती आडवी टाकून आणली असेल तर तिथेच नाराजी सांगा. काच उभी, खाली लाकडी पट्टी आणि रबर घालूनच आणायची असते, मग ती कुंभार्ली घाट उतरून येवो की बाजारपेठेतून. उतरवल्यावर एक सुती पंचा कडेवरून सगळीकडे फिरवा, बोट नाही. धागा अडकला तिथे टवका आहे. मग कड तिरपी धरून उजेडात बघा : पॉलिश पोचलं नसेल तिथे धुरकट पट्टा दिसतो. कोपऱ्याजवळ, जिथे सरळ कड संपून गोलाई सुरू होते, तिथे हमखास. टवका असलेली टफन काच “वरून थोडी घासून देतो” म्हणाले तर नाही म्हणा. घरात कोणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावून काचेकडे तिरकं पाहा. टफन काचेत फिके डाग किंवा पट्टे दिसतात, ते हवेच्या झोतांच्या खुणा आहेत, दोष नाही. साध्या काचेत ते दिसत नाहीत.

वापरायला लागल्यावर एकच पथ्य कडक पाळा. कोरड्या फडक्याने काच पुसू नका. गुहागरचा किनारा जवळ, वाऱ्याबरोबर बारीक वाळू येते, पाहुण्यांच्या पायांबरोबर आणि टॉवेलांबरोबर त्याहून जास्त. कठीणपणा मोजायच्या ‘मोह्स’ मापात काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास आणि वाळूतल्या गारगोटीच्या कणाचा ७. म्हणजे कोरडं फडकं फिरवणं हे काचेला ओरखडेच. आधी गोड्या पाण्याचा ओला कपडा, त्याने मीठही विरघळतं आणि वाळूही उचलली जाते, मग सुका. कडेवरून हात शेवटी फिरवा, नाहीतर कडेची घाण वर येते.

राहता राहिलं प्लॅस्टिक. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण प्लॅस्टिक नको. दमट हवेत ते काचेला चिकटून बसतं, खाली वाळू आणि ओल अडकते, ताट सरकवलं की तीच वाळू काचेवर रगडली जाते. वर काही दिवसांनी त्याचा चिकट थर काचेवर उतरतो तो वेगळाच. त्यांना ताटाखाली काही हवंच असेल तर त्यांच्या जागेपुरता सुती टेबलमॅट घाला आणि जेवण झालं की उचला. त्या रोज कुठल्या बाजूला बसतात ते सुताराला दाखवून ठेवा, त्या बाजूच्या लाकडाची कड त्याला हाताला बसेल अशी थोडी जास्त गोल करता येईल.